याग रॉड बदलला आणि लो फ्रिक्वेन्सीला जोरच गेला, जास्त डोपिंग म्हणजे जास्त पॉवर नसते का?

गाळा_नंबर_७

नमस्कार मंडळी. भोसरीला आमचं लेझर मार्किंगचं जॉबवर्क आहे, छोटाच गाळा, दोन मशीन. एक फायबर, त्याचं काही दुखणं नाही. दुसरं जुनं डायोड साईड पंपवालं याग आहे, म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या (ही मिसळ म्हणजे डोपिंग) यिट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट स्फटिकाच्या रॉडवर बाजूने डायोडचा उजेड मारून चालणारा लेझर, ८०८ नॅनोमीटरचे डायोड, रॉड ३ मिमी जाडीचा ६५ लांब, बीम अडवून एकदम सोडणारा क्यू स्विच, सगळं नेहमीचं. एसएसवर (स्टेनलेस स्टीलवर) खोल एनग्रेव्हिंग करायचं असलं की आम्ही अजून हेच वापरतो कारण कमी फ्रिक्वेन्सीला याचा पल्स चांगला दणका देतो. म्हणजे द्यायचा.

झालं असं की जुन्या रॉडच्या एका टोकाच्या कोटिंगवर काळा ठिपका पडला, धूळ बसली असणार. नवीन रॉड मागवला तर सप्लायर म्हणाला आमचा हाय डोपिंगचा आहे, निओडिमियम जास्त, पॉवर वाढलेली दिसेल, वर हजार-दीड हजार जास्त घेतले. मी म्हटलं ठीक आहे, चांगलंच आहे की. बसवला, अलाइनमेंट दोन दिवस घासून केलं, आणि आकडे हे असे:

२२ अँपिअरला सलग बीम आधी ४८ वॉट, आता ४३. लेझिंग सुरू व्हायचं ११ अँपिअरला, आता सव्वाबाराला. आणि खरा घोळ म्हणजे ३ किलोहर्ट्झला सरासरी २६ वॉट मिळायचे ते आता १९ च्या पुढे जात नाहीत. ज्या प्लेटला तीन पास लागायचे तिला चार लागतात आणि तरी कडा फुगीर येते. वरून बीमचा ठिपका पहिल्या दहा मिनिटांत पसरतो, पूर्वी एवढा नाही पसरायचा.

सप्लायरला फोन केला तर तो म्हणतो तुमचं अलाइनमेंट चुकलंय. माझा साधा प्रश्न, उजेड निओडिमियममधून येतो, निओडिमियम जास्त टाकलं तर उजेड जास्त यायला पाहिजे ना? मग उष्णता जास्त आणि उजेड कमी हा काय प्रकार आहे?

चिलर_आधी_बघा

दादा, मी पंधरा वर्षं हीच मशीनं उघडतोय, नव्वद टक्के वेळा रॉड निर्दोष असतो. आधी चिलर, म्हणजे थंड पाण्याचं युनिट, बघा. डायोडची वेव्हलेंग्थ तापमानाबरोबर सरकते, एका डिग्रीला साधारण ०.३ नॅनोमीटर धरा, आणि यागचा ८०८ चा पट्टा अरुंद आहे, चार-पाच डिग्री चुकलात की पंपाचा उजेड रॉडमधून न शोषताच पलीकडे जातो. चिलर २२ पासून ३० पर्यंत हळूहळू चढवा आणि पॉवर मीटर बघत बसा. दुसरं, क्यू स्विचला चालवणारी आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) पॉवर कमी झाली असेल तर कमी फ्रिक्वेन्सीला तो बीम पूर्ण अडवू शकत नाही, गळतो, आणि पल्सचा जोर जातो. तिसरं, आरशांवर श्वास टाकून बॅटरी मारा, डाग असला तर दिसतो. आणि हे सगळं करताना गॉगल घाला हो, यागचा १०६४ नॅनोमीटरचा बीम डोळ्याला दिसत नाही पण डोळा घालवतो.

गाळा_नंबर_७

दादा सगळं केलं. चिलर चढवून पाहिला, जुन्या रॉडला पण २६ डिग्रीला बेस्ट यायचं आणि याला पण २६ लाच येतंय. क्यू स्विचने बीम अडवला की आउटपुट शून्य, जरा पण गळत नाही. आरसे स्वच्छ. म्हणून तर इथे आलो.

फोनॉनची_आजी

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झालेय, लेझर दुरुस्त करता येत नाही, पण तुझे आकडे वाचून राहवलं नाही. उत्तर त्या आकड्यांतच आहे रे, अलाइनमेंटमध्ये नाही. जरा लांब लिहिते.

८०८ चा फोटॉन निओडिमियमच्या आयनला ज्या पातळीवर नेतो तिथे तो आयन थांबत नाही. तिच्या जरा खाली दुसरी पातळी आहे, पुस्तकात फोर एफ थ्री बाय टू म्हणतात, आपण गोदाम म्हणू. वरून गोदामात यायला जेवढी ऊर्जा टाकावी लागते ती स्फटिकाच्या जाळीच्या एक-दोन थरथराटांएवढी आहे, या थरथराटाचा सुटा हिस्सा म्हणजे फोनॉन. एक-दोन पायऱ्यांची उडी, त्यामुळे आयन डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी गोदामात येतो आणि तेवढी ऊर्जा उष्णता होते. मग गोदामातून १०६४ चा फोटॉन टाकून तो खालच्या पातळीवर येतो, आणि तिथून परत दोन-तीन फोनॉन टाकून तळाशी. या दोन उड्यांचा खर्च म्हणजे ८०८ आणि १०६४ मधला फरक, साधारण २४ टक्के. हा कर आहे, भरावाच लागतो, आणि तो वाया जातो असंही म्हणू नकोस. खालची पातळी अशी पटापट रिकामी होते म्हणून तर याग इतक्या कमी पंपावर चालतो. मैमनच्या १९६० च्या रुबीत ही सोय नव्हती, तिथे उजेड टाकून आयन थेट तळावरच येतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त आयन वर उचलल्याशिवाय लेझर सुरूच होत नाही.

आता गोदाम. गोदामाच्या खालची जवळची पातळी बरीच लांब आहे, फोनॉनच्या हिशोबात सहा-सात पायऱ्या. सात पायऱ्या एका उडीत उतरायच्या तर जवळपास अशक्यच, प्रत्येक वाढीव पायरीमागे शक्यता कैकपटीने घटते. म्हणून एकटा आयन असेल तर तो गोदामात साधारण २६० मायक्रोसेकंद टिकतो आणि जाताना बहुतेक वेळा उजेड देऊनच जातो. तुझ्या मशीनचा दणका म्हणजे हेच, क्यू स्विच दार बंद करून ठेवतो, माल साठतो, दार उघडलं की सगळा एकदम बाहेर.

पण आयन एकटा नसतो. गोदामात बसलेल्या आयनच्या शेजारी तळाशी बसलेला दुसरा आयन असेल तर वरचा आपली जवळपास अर्धी ऊर्जा त्याला देऊन टाकतो, मधे उजेड वगैरे काही नाही, थेट हातात. आता दोघं अर्ध्यावरच्या पातळीवर. समज एकाकडे शंभरची नोट होती, त्याने ती मोडून शेजाऱ्याला पन्नास दिले, आणि १०६४ च्या काउंटरवर फक्त शंभरचीच नोट चालते. दोघंही रांगेतून बाहेर. आणि अर्ध्यावरच्या पातळीपासून तळापर्यंत मधे पायऱ्या जवळजवळ आहेत, दोघं फोनॉन टाकत टाकत खाली येतात, म्हणजे शंभरच्या शंभर उष्णतेत गेले. याला क्रॉस रिलॅक्सेशन म्हणतात.

आणि हे अंतरावर भयंकर अवलंबून असतं, अंतराच्या सहाव्या घाताने, अंतर निम्मं झालं तर वेग ६४ पट. डोपिंग दुप्पट केलंस तर आयनांमधलं सरासरी अंतर तसं थोडंच घटतं, १०० चं ७९ होईल एवढंच, पण सहावा घात लावला की गळती चौपट. उजेड देणारे आयन दुप्पट झाले आणि गळती दर आयनमागे चौपट झाली, आता तूच सांग धंदा कोणाचा झाला. म्हणून यागमध्ये साधारण एक टक्क्याच्या आसपास थांबतात. एक टक्क्याला गोदामातलं आयुष्य २३० ते २४० मायक्रोसेकंद असतं. चार टक्क्याला ते शंभरच्याही खाली जातं.

तुझा रॉड गळका रांजण आहे. नळ मोठा सोडून उपयोग नाही.

निवांत_नाशिककर

आजी, नोटांचं उदाहरण जबरी. पण ३ किलोहर्ट्झलाच जास्त का मार बसला, सलग बीमला कमी का?

फोनॉनची_आजी

कारण गळतीला वेळ लागतो. सलग चालताना कॅव्हिटीत, म्हणजे दोन आरशांच्या मधे, उजेड भरलेला असतो, गोदामात आयन आला की उजेडच त्याला लगेच ओढून घेतो, शेजाऱ्याला पैसे द्यायला सवडच मिळत नाही. नुकसान होतं ते मुख्यतः थ्रेशोल्ड, म्हणजे लेझिंग सुरू व्हायला लागणारा पंप, चढल्याचं. ३ किलोहर्ट्झ म्हणजे दोन पल्समधे ३३३ मायक्रोसेकंद, तेवढा वेळ माल नुसता पडून. समज आयुष्य २३५ वरून १८० वर आलंय, तर नुसत्या साठवणुकीच्या सूत्राने पल्सची ऊर्जा २० किलोहर्ट्झला तीनच टक्के कमी येते, ३ ला पंधरा टक्के आणि १ ला तेवीस. त्याचे तर २६ चे १९ झालेत, पंचवीस टक्क्यांच्या वर, म्हणजे पंधराच्या पलीकडे अजून काही आहे.

ते अजून काही बहुतेक अपकन्व्हर्जन. गोदाम भरगच्च भरलं की शेजारी तळाशी नसतो, तोही गोदामातच बसलेला असतो. मग एक खाली येतो आणि दुसऱ्याला गोदामाच्याही खूप वर फेकतो, तो वरचा पायऱ्या उतरत परत गोदामात येतो. दोन होते, एक उरला, बाकी उष्णता. जितका साठा जास्त तितकं हे जोरात, आणि आयन जवळजवळ असले तर अजून जोरात. कमी फ्रिक्वेन्सीलाच साठा सगळ्यात जास्त असतो ना. शिवाय उष्णता वाढली की रॉड भिंगासारखा वागतो, तुझा ठिपका पसरतोय तो त्याने.

चिलर_आधी_बघा

मॅडम नमस्कार, मान्य, पण हे सगळं समज-समज चाललंय. आयुष्य १८० आहे कशावरून? रॉड मोजला का कोणी? सप्लायरसमोर हे बोललात तर तो हसेल.

स्कोपवाला

मोजता येतं की, आणि फार खर्च पण नाही. रॉड मशीनमधून काढा (हो, परत अलाइनमेंट, सॉरी). ८०८ चा छोटा अर्धा वॉटचा डायोड घ्या, मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालू बंद करा, एक मिलिसेकंद चालू, चार बंद. बाजूने रॉडवर मारा, दुसऱ्या बाजूला काटकोनात फोटोडायोड. मधे फिल्टर लागेल नाहीतर ८०८ च दिसेल. फिल्टर नसेल तर सिलिकॉन वेफरचा तुकडा चालतो, पातळ सिलिकॉन ८०८ पार गिळून टाकतो आणि १०६४ पैकी बराचसा पुढे सोडतो, फुकटचा फिल्टर. डायोड बंद झाल्यावर स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) जी उतरण दिसते ती ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागला तो तुमचा लाईफटाईम, आजी ज्याला आयुष्य म्हणतात तेच. पंप कमी ठेवा म्हणजे आजींचं अपकन्व्हर्जन मधे येणार नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरायचा मोह होईल, तो करू नका, फ्लॅशची स्वतःचीच शेपटी शेकडो मायक्रोसेकंद लांब असते.

गाळा_नंबर_७

लोकहो चार दिवस लागले पण केलं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या ओळखीने तुटक्या वेफरचा नखाएवढा तुकडा मिळाला, फोटोडायोड लॅमिंग्टन रोडवरून मागवला, खोका शेवयांच्या पुठ्ठ्याचा, आतून काळा रंग मारला. बायको म्हणाली हे काय नवीन.

रिझल्ट आला साडेतीनशे मायक्रोसेकंद. आजी म्हणतात एकट्या आयनचं २६० असतं, मग माझं ३५० कसं काय? म्हणजे रॉड उलट एकदम भारी निघाला का? सप्लायरला सॉरी म्हणू का आता?

स्कोपवाला

थांबा थांबा, सॉरी म्हणू नका. फोटोडायोड सरळ स्कोपला जोडलाय का, मधे काही रेझिस्टर न लावता? आणि उतरणीची सुरुवात कशी दिसते, एकदम पडते की आधी खांद्यासारखी गोल होते?

गाळा_नंबर_७

हो सरळ जोडलाय, एक मीटर केबलने. आणि हो, सुरुवातीला गोल आहे, मला वाटलं तसंच असतं.

स्कोपवाला

तिथेच मेख आहे. स्कोपचा इनपुट एक मेगाओहम, केबल आणि फोटोडायोड आणि स्कोप मिळून दीडशे पिकोफॅरड सहज होतात, गुणाकार करा, दीडशे मायक्रोसेकंद. तुमचं सर्किटच तेवढं आळशी आहे, तुम्ही रॉड अधिक सर्किट असं मोजलंत. तो गोल खांदा म्हणजे सर्किटची सही. फोटोडायोडच्या दोन टोकांना दहा किलोओहमचा रेझिस्टर लावा, दीड मायक्रोसेकंदावर येईल. सिग्नल शंभरपट बारीक होईल, स्कोपला अॅव्हरेजिंग लावा, वैतागू नका. हा घोळ मी स्वतः एमएस्सीला असताना घातलाय, गाईडसमोर.

कांडीवाला

मधेच बोलतो. मी क्रिस्टल ग्रोथमध्ये होतो बरीच वर्षं. मला एक शंका आहे की यागची दोन टक्क्याची चांगली कांडी झोक्राल्स्की पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या मालातून हळूहळू वर, ओढणं सोपं नसतं. निओडिमियमचा आयन यिट्रियमपेक्षा जवळपास नऊ टक्के मोठा आहे, त्याला यिट्रियमच्या खुर्चीत बसवायचं म्हणजे दाटीवाटी, स्फटिक त्याला आत घ्यायलाच तयार नसतो. वितळलेल्या मालात जेवढं निओडिमियम असतं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच स्फटिकात जातं, बाकी खाली साठत राहतं. म्हणून ओढायचा वेग तासाला अर्धा मिलिमीटर वगैरे, घाई केली की आत ढगाळ पट्टे. आणि म्हणूनच कांडीचं खालचं टोक वरच्यापेक्षा जास्त डोप असतं, वीस टक्के माल ओढला तर टोकाला साधारण वीस टक्के वाढ येते. पण वीस टक्के, दुप्पट नाही. त्यामुळे लाईफटाईम कमी आला तरी लगेच डोपिंग म्हणू नका. कच्च्या मालात दुसरी अशुद्धी असली, लोह किंवा दुसरं एखादं रेअर अर्थ, तर ऊर्जा आयनावरून आयनावर उड्या मारत त्या अशुद्धीपर्यंत जाते आणि तिथे बुडते. लाईफटाईम तेव्हाही कमीच दिसेल. काचेत तर पाण्याचा अंश राहिला तरी बोंब होते, ओएचची थरथर इतकी मोठी असते की दोन पायऱ्यांतच गोदामातून खाली, म्हणून लेझर ग्लास बनवताना ओलावा काढण्यासाठी जीव टाकतात.

की मग हा सिरॅमिक आहे, म्हणजे एकसंध स्फटिक नसून बारीक दाणे भाजून जोडलेला? १९९५ मध्ये जपानमध्ये इकेसुए यांनी सिरॅमिक यागवर चांगलं लेझिंग दाखवलं तेव्हापासून जास्त डोपिंगचा पारदर्शक याग मिळायला लागला, तिथे दोन काय चार टक्के पण बसतात. एकदा दोन पोलरायझरच्या मधे ठेवून टोकातून बघा. आणि जुना रॉड फेकला नाहीत ना?

गाळा_नंबर_७

नाही फेकला, ड्रॉवरमध्ये आहे. पण त्याचं टोक जळलंय, तो काय कामाचा?

कांडीवाला

टोक जळलं म्हणून काय झालं, तुम्ही बाजूनेच मोजताय ना. अंगाने तो ठणठणीत आहे. त्याच खोक्यात, त्याच डायोडने, त्याच रेझिस्टरने आधी जुना मोजा मग नवा. आणि अजून एक करा. ८०८ बाजूने आरपार मारा आणि पलीकडे किती पोचतो ते दोन्ही रॉडना मोजा, यावेळी वेफरचा तुकडा काढून. अशुद्धीमुळे लाईफटाईम पडला असेल तर ८०८ चं शोषण दोन्हीत सारखंच दिसेल. निओडिमियमच जास्त असेल तर नव्यात पलीकडे फारच कमी पोचेल. हीच खरी परीक्षा.

एमएस्सी_चालू_आहे

मी फक्त वाचत होतो, पण एक विचारू का? क्रॉस रिलॅक्सेशन नेहमी वाईटच असतं का? आमच्या नोट्समध्ये फक्त लॉस म्हणून दिलंय.

फोनॉनची_आजी

छान प्रश्न. थुलियमचा याग घे. त्याला ७८५ च्या आसपास पंप करतात आणि लेझर हवा असतो २ मायक्रॉनचा. तिथे काउंटरवर पन्नासचीच नोट चालते! मग वरचा आयन शेजाऱ्याला अर्धे पैसे देतो तेव्हा दोघंही बरोबर लेझिंगच्या पातळीवर येऊन बसतात, एका पंप फोटॉनमागे दोन आयन कामाला लागतात. तिथे मुद्दाम चार-सहा टक्के डोपिंग करतात, शेजारी जवळ यावेत म्हणून. प्रक्रिया अगदी तीच, पातळ्यांची मांडणी वेगळी.

आणि यिटर्बियममध्ये हा प्रश्नच नाही, त्याला मुळात दोनच पातळ्यांचे गठ्ठे, अर्ध्यावर थांबायला जागाच नाही. ९४० ने पंप आणि १०३० ला उजेड, कर नऊ टक्क्यांच्याही आत. आयुष्य जवळपास एक मिलिसेकंद. फक्त खालची पातळी तळाच्याच गठ्ठ्यात असल्याने तो गरम झालेला चालत नाही, नखरे आहेतच. नोट्स देणाऱ्या सरांना हे विचार, जपून विचार.

गाळा_नंबर_७

झालं सगळं. काल रात्री लाईट जाण्याच्या आधी उरकलं. दहा किलोओहम लावला, खांदा गायब, उतरण सरळ. प्रत्येक रॉड पाच पाच वेळा मोजला.

जुना २३४. नवा १७८.

८०८ बाजूने आरपार, जुन्यात जवळपास एक तृतीयांश पोचतो. नव्यात नवव्या हिश्श्याच्या आसपास.

पोलरायझरमधून नवा रॉड बघितला तर बारीक दाणेदार दिसतो, जुना एकसारखा. मोबाईलवर फोटो नीट येत नाही.

कांडीवाला

एक तृतीयांशचा वर्ग एक नवमांश. म्हणजे शोषण बरोबर दुप्पट, म्हणजे निओडिमियम दुप्पट. जुना एक टक्क्याचा होता, हा दोनचा. अशुद्धीची माझी शंका मागे घेतो. दाणेदार म्हणजे बहुतेक सिरॅमिकच. वाईट माल नाहीये हा, चांगलाच आहे, फक्त तुमच्या कामाचा नाही. आणि अजून एक तोटा, एवढं शोषण झाल्यावर साईड पंपचा उजेड रॉडच्या कडेलाच संपतो, मधल्या भागाला कमी मिळतो, आणि तुमचा बीम तर मधून जातो.

फोनॉनची_आजी

अरे वा, आता गंमत बघ. एकट्या आयनचं २६०, एक टक्क्याचं २३५ धर, यावरून एक टक्क्याची गळती काढ, चौपट कर, परत आयुष्य काढ. १८२ येतं. तू पुठ्ठ्याच्या खोक्यात १७८ मोजलंस! आणि थ्रेशोल्ड आयुष्याच्या व्यस्त प्रमाणात चढतं, २३४ भागिले १७८ म्हणजे तीस टक्के चढायला हवं. तुझे डायोड स्वतः किती अँपिअरला उजेड द्यायला लागतात?

गाळा_नंबर_७

सातला.

फोनॉनची_आजी

मग अकरातून सात गेले चार, सव्वाबारातून गेले सव्वापाच. तीस-एकतीस टक्के. आणि २२ अँपिअरला थ्रेशोल्डच्या वर आधी अकरा होते, आता पावणेदहा, ४८ ला त्या प्रमाणात कमी केलं तर साडेबेचाळीस. तू पहिल्याच पोस्टमध्ये ४३ लिहिलं होतंस. वर्गात असतास तर फळ्यावर बोलावलं असतं.

चिलर_आधी_बघा

मॅडम, मी माझे शब्द मागे घेतो, रॉडच होता. गाळा दादा, सप्लायरला पॉवरचे आकडे सांगू नका, तो परत अलाइनमेंट म्हणेल. दोन्ही रॉडचे स्कोपचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवा. आणि पुढच्या वेळी ऑर्डरवर डोपिंग टक्क्यात लिहून घ्या, नुसतं हाय लो नाही. लो फ्रिक्वेन्सीचं काम जास्त असेल तर ०.६ ते ०.८ बघा, थोडा पंप जास्त लागेल पण पल्स भरेल आणि ठिपका पण कमी पसरेल.

गाळा_नंबर_७

फोटो पाठवले. आधी म्हणाला हे काय आहे, मग दोन तासांनी फोन आला की वर कंपनीला विचारतो. रॉड परत घेईल असं वाटत नाही पण ०.८ टक्केवाला लिहून द्यायला तयार झालाय, वाहतूक माझ्या माथी. तोपर्यंत खोल एनग्रेव्हिंगच्या ऑर्डरी शेजारच्या गाळ्यात देतोय, तो कमिशन मागतोय. आजी, स्कोपवाले, कांडीवाले, चिलर दादा, सगळ्यांना भोसरीला चहा माझ्याकडून.

स्कोपवाला

चहा नक्की. तो दोन टक्केवाला रॉड तसाच पडून राहणार असेल तर कितीला देणार? मला त्यातून मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या कापून मायक्रोचिप लेझर करून बघायचाय, तिथे लांबीच नसते त्यामुळे डोपिंग जास्तच लागतं.

गाळा_नंबर_७

हजार-दीड हजार जास्तीचे जे गेलेत ते आधी वसूल होऊ द्या, मग बोलू. पुठ्ठ्याचं खोकं फुकट देतो.